वाटणी

झाडावर झाड दिसले की आपण त्याला सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतो. ऑर्किडवर हा अन्याय फार जुना आहे. बांडगूळ यजमानाच्या फांदीत आपली मुळे घुसवून त्याचा रस पिते. झाडावर वाढणारे ऑर्किड नुसती बसायला जागा मागते. पावसाचे पाणी, हवेतला ओलावा आणि सालीच्या बेचक्यांत कुजलेला पालापाचोळा, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. पावसाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीत फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अशा या मानी झाडाची संतती वाढवण्याची रीतही चारचौघांसारखी नाही. त्याच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक. पुढच्या प्रवासाची शिदोरी म्हणून बीजात जो साठा लागतो तो त्यांच्यात नसतो. एका विशिष्ट बुरशीने हात दिला तरच त्या रुजतात. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 साली हे ओळखले, आणि 1922 साली अमेरिकेतल्या लुइस नडसन यांनी बुरशीवाचून, साखर घातलेल्या खळीवर, बाटलीत बिया रुजवून दाखवल्या. घरच्या बागेत मात्र बी पेरून ऑर्किड उगवण्याची आशा धरू नये. घरातली एक वाट अशी. झाडाने आपण होऊन अंगावर रोपटे धरावे आणि आपण ते हलकेच सोडवून घ्यावे.

या रोपट्याला बागवान मंडळी 'केइकी' म्हणतात. शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ 'मूल'. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडचे खोड उसासारखे पेरापेराचे असते आणि पेरापाशी उसासारखाच डोळा असतो. त्या डोळ्यातून एरवी फुलांचा तुरा यायचा. क्वचित त्याच्याऐवजी दोन इवली पाने डोकावतात. याची कारणे दोन, आणि एकमेकांच्या अगदी उलट. विश्रांतीच्या दिवसांत पाणी आणि खत फार झाले, तर फुलायचे सोडून झाड पोरे काढत बसते. उलट खालची मुळे कुजू लागली, झाडाला आपला भरवसा वाटेनासा झाला, तरीही ते वरच्या डोळ्यातून नवे रोप उभे करते. सुखाचे आणि संकटाचे लक्षण एकच!

आमच्या झाडाचे कारण दुसऱ्या जातीचे होते. हे डेंड्रोबियम आईचे. कोकणातल्या घराच्या पडवीत, खांबाला टांगलेल्या मातीच्या कुंडीत ते कित्येक वर्षे फुलत आले. जांभळट गुलाबी फुले, मधल्या पाकळीचा रंग गर्द. आई गेली, घराची वाटणी झाली. वाटणीपत्रात नारळांची झाडे मोजली गेली, विहिरीचे पाणी मोजले गेले, तांब्याची भांडी वजन करून लिहिली गेली. ऑर्किडची कुंडी कुणाच्या ध्यानात आली नाही. निघताना दादा एवढेच म्हणाला, "ते तू ने पुण्याला. पण त्याला पोर आलं तर ते माझं." त्यानंतर तीन वर्षे आम्ही भेटलो ते सह्यांपुरते. कोण काय बोलले आणि कुणाला काय लागले, ते आता लिहिण्यात अर्थ नाही.

कुंडीतले नारळाचे सोडण जुने होऊन पार भुगा झाले होते आणि खालची मुळे थकली होती. यंदा फाल्गुनात मधल्या कांडीच्या वरच्या डोळ्यातून दोन पाने आली. मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढून दादाला पाठवला. खाली काही लिहिले नाही. त्याचेही उत्तर आले नाही.

केइकी सोडवण्यात हाताचे काम दहा मिनिटांचे. बाकीचे सगळे वाट पाहण्याचे. पाने पाहून फसू नये. दोन-तीन पानांचे रोप दिसायला स्वतंत्र दिसते, पण तोवर ते आईच्याच कांडीतले पाणी पीत असते. मुळे काय म्हणतात ते पाहावे. ही मुळे हवेतच फुटतात. पांढरी, जाडसर, टोकाशी हिरवी. वरचे पांढरे आवरण स्पंजसारखे असते. पाणी पडताच ते टिपून घेते आणि मूळ हिरवट दिसू लागते. अशी तीन-चार मुळे दोन-तीन इंच झाली म्हणजे रोप आपल्या तोंडाने प्यायला शिकले असे समजावे.

आषाढात मी दुसरा फोटो पाठवला. त्या रात्री फोन वाजला. दादाने 'कशी आहेस' असेसुद्धा विचारले नाही.

"मुळं किती झाली?"

"दीड इंच."

"मग अजून थांब," म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी थांबले. श्रावणात एका सकाळी पाते ज्योतीवरून फिरवून निववून घेतले. कारण झाडांचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातात ते बहुधा आपल्या पात्यावरूनच. केइकीच्या खालीवर थोडी कांडी ठेवून ती कापली. जखमेवर दालचिनीची पूड लावली, मुळांना मात्र लागू दिली नाही, ती मुळे सुकवते. लहानशी, कडेला भोके असलेली मातीची कुंडी घेतली. तीत लोणारी कोळसा, विटेचे तुकडे आणि भिजवलेले सोडण. माती चिमूटभरही नाही, मातीत या मुळांचा श्वास कोंडतो. रोप काडीला बांधले, कारण हलत्या रोपाची मुळे धरत नाहीत. खोल पुरायचा मोह मात्र टाळला. मग सावली, सकाळी पाण्याचा हलका फवारा, आणि नवे मूळ दिसेपर्यंत खत नाही. थोरल्या झाडाचीही कुजकी मुळे काढून त्याला नवा कोळसा दिला. भाद्रपदात दोन्ही कुंड्यांत हिरवी टोके दिसू लागली.

यंदाच्या भाऊबीजेला दादाकडे जायचे ठरले आहे. कुंडी मांडीवरच घेऊन बसेन म्हणते. परवा त्याचा पुन्हा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने चाचरत विचारले, "फुलं त्याच रंगाची येतील ना गं? की पोर म्हणून वेगळी?"

बी रुजवले असते तर वेगळी आली असती. बीजात दोन झाडे मिसळतात. केइकीत काहीच मिसळत नाही. पडवीत आईने पाणी घातले तेच हे झाड, फक्त आता दोन ठिकाणी. नाव 'मूल', पण ते मूल नव्हेच. नारळांची वाटणी केली तेव्हा प्रत्येकाला थोडे कमी आले होते.

"त्याच रंगाची येतील," मी म्हटले. "दादा, हे आईच्या झाडाचं पोर नाही. आईचंच झाड आहे. तुझ्याकडंही आणि माझ्याकडंही."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "टांगायला खांब बघून ठेवतो."