मामाच्या गाडीतला भात

भात चुलीवर होतो, गॅसवर होतो, हे सगळ्यांनाच माहीत. पण मी तो मामाच्या गाडीत शिजवला, अन् तोही इंजिन बंद असताना! त्याचीच ही हकिगत.

मे महिन्याच्या सुट्टीत मामा गाडी घेऊन आला होता. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी होती. मी म्हटलं, "मामा, गाडी अंगणात लाव ना, उन्हाकडे तोंड करून." मामा हसला. "अगं, लोक सावली हुडकतात अन् तू ऊन!" पण लावली त्याने.

गुरुजींनी आम्हांला शिकवलं होतं की, ऊन काचेतून आत जातं, पण आतल्या तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून सहज बाहेर येत नाही. काचा बंद असल्या की गरम हवाही कोंडून राहते. १७६७ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने काचेच्या पेटीत अशीच फळं शिजवली होती. त्याच्याजवळ गाडी नव्हती, एवढंच!

मी चुलीवर काळे झालेले तीन डबे घेतले. काळा रंग ऊन जास्त शोषतो म्हणून. (ते घासायचा कंटाळा केला, असं आई म्हणते.) एकात वाटीभर तांदूळ नि दोन वाट्या पाणी, दुसऱ्यात तूरडाळ, तिसऱ्यात दोन अंडी. पुढच्या काचेखाली जुना टॉवेल घडी करून त्यावर डबे ठेवले. तेव्हा साडेदहा वाजले होते. शाळेच्या विज्ञानपेटीतला तापमापक गुरुजींकडून मागून आणला होता. बारा वाजता ओसरीत पारा ४१ वर, अन् डब्यांजवळ ७६ वर! मी नाचायलाच लागले.

एक वाजता मी दार उघडून डबे पाहिले. भाताचा वास सुटला होता. दार लावलं, किल्लीचं बटण दाबलं आणि पळत घरात गेले, सगळ्यांना सांगायला.

थोड्या वेळाने आजी म्हणाली, "बाळ कुठं गेलं गं?"

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे. मी डबे पाहत होते तेव्हा तो मागच्या दाराने गाडीत चढला होता. मला पत्ताच नाही. मामा धावला, मी किल्ली घेऊन त्याच्यामागे. बाळ आत रडत होता, पण काचा बंद, म्हणून आवाज येत नव्हता. तोंड लालबुंद, केस घामाने चिंब. पाचच मिनिटं झाली असतील. लहान मुलांचं अंग मोठ्या माणसांपेक्षा फार लवकर तापतं, हे मला नंतर समजलं. आईने त्याला ओसरीत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. तासाभराने तो खेळायला लागला. आई मला काहीच बोलली नाही. त्यापेक्षा तिने दोन धपाटे घातले असते तर बरं वाटलं असतं.

डब्यांची आठवण कोणालाच नव्हती. अडीच वाजता मामानेच ते काढून आणले. भात मऊ झाला होता. अंडी घट्ट झाली होती, कारण पांढरं ६२ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं. डाळ मात्र दाताखाली कटकट वाजत होती. तिला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, ते गाडीत कुठलं?

आजीने भाताचा एक घास खाल्ला. "मीठ नाही घातलंस," म्हणाली.

आता गुरुजी आणि आम्ही खोक्याला काच नि आरसा लावून सूर्यचूल करतोय. तिला दार नाही, फक्त झाकण आहे. बाळ अजूनही मामाची गाडी दिसली की बोट दाखवून म्हणतो, "भात!"

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी