टाक्याचे पाणी

सांगलीच्या पेठेतील वाड्याचे विसारपत्र अण्णांनी घडी घालून पिशवीत ठेवले होते. दोघा धाकट्या भावांच्या सह्या झालेल्या होत्या. थोरल्याची जागा तेवढी रिकामी होती. ‘अहमदाबादहून आलो की करतो,’ एवढेच बोलून ते गाडीत बसले होते. नात तेथे वास्तुकला शिकत होती, आणि आजोबांनी ते जुने शहर एकदा तरी पायी पाहावे, असा तिचा हट्ट वर्षभर चालला होता.

सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून दोघे निघाली. महानगरपालिकेने १९९७ साली सुरू केलेली वारसा-फेरी येथूनच निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. फेरीतील मंडळी झपाझप पुढे जात. अण्णा मात्र प्रत्येक ओट्यापाशी रेंगाळत. लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतराम यांचे घर जेथे होते, तेथे आता त्यांचा बसलेला पुतळा आहे. अण्णा त्याच्या शेजारी टेकले आणि समोरचे लाकडी खांब न्याहाळू लागले. पोळ म्हणजे एका वेशीच्या आतली वस्ती. शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून आला, असे नातीने सांगितले. आत अरुंद बोळ, भिंतीला भिंत लागलेली घरे आणि मधोमध पाखरांना दाणे टाकण्याचा नक्षीदार चबुतरा.

एका घराच्या झोपाळ्यावर बसलेल्या वृद्ध बाईंनी त्यांना हाक मारली, “भाई, पाणी पिऊन जा.” हळदीच्या अडतीवर गुजराती व्यापाऱ्यांशी उभे आयुष्य गेल्याने अण्णांना भाषेची अडचण नव्हती. चौकातील फरशीवरचे झाकण बाजूला करून बाईंनी कळशी खाली सोडली आणि पाणी गळण्यातून गाळून दिले. घराच्या पोटात टाके होते. पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ द्यायचे, छप्पर स्वच्छ धुऊन निघाले की पुढचे नळीने आत घ्यायचे. ते वर्षभर पुरते.

“टाके साफ करायला आता माणूस मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “मुले नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहतात. जिन्याने माझे गुडघे गेले.” घर जपण्याचे कौतुक त्यांच्या बोलण्यात अजिबात नव्हते, आणि अण्णांना ते बरे वाटले असावे. शेजारच्या घरात कोरीव खांबांना टेकवून मालाची खोकी छतापर्यंत रचली होती. अण्णांनी भाडे विचारले. गोदामाचे भाडे राहत्या बिऱ्हाडापेक्षा अधिक येते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. २०१७ साली युनेस्कोने या नगराला जागतिक वारसा शहर म्हटले, भारतातील पहिलेच. पण भाड्याचा हिशेब त्या सन्मानाने बदलत नाही.

माणेकचौकात जवाहिऱ्यांच्या पेढ्या उघडल्या होत्या. शेअर बाजार येथे १८९४ साली सुरू झाला होता, मुंबईच्या खालोखाल जुना; आता तो उरलेला नाही. १४२४ सालची जामा मशीद, तिचे दोनशे साठ खांब, सारे पाहून झाले. ऊन चढले तशी दोघे विसाव्याला थांबली.

दुपार कलल्यावर दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंग मंदिर गाठले. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी काम आरंभले आणि ते पुरे होण्याआधीच त्यांचे निधन झाले. पुढचे सारे त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी पाहिले. १८४८ साली मंदिर पूर्ण झाले. धर्मनाथांचे दर्शन घेऊन अण्णा बावन्न देवळ्यांच्या ओवरीत बसले ते बराच वेळ उठेनात.

“आपल्या वाड्याची माडी कोणी बांधली, ठाऊक आहे?” त्यांनी विचारले.

“पणजोबांनी ना?”

“त्यांनी भिंती उभ्या केल्या आणि गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आईने पाटल्या मोडून वर छप्पर घातले. हे तुझ्या वडिलांनाही सांगितलेले नाही.”

नात गप्प राहिली. थोड्या वेळाने तिने विचारले, “आणि विसारपत्र?”

“तुझ्या दोन्ही चुलत आजोबांनाही पैसा हवा आहे, बाळ. एकाला मुलीचे लग्न काढायचे आहे. त्यांचे चुकते आहे असे मी कसे म्हणू?”

सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून दोघे उठली. माणेकचौकात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, सारे शहर तेथे लोटते, असे नात सांगत होती. ते त्यांच्या वाट्याचे नव्हते. भोजनशाळेत ताट येईपर्यंत अण्णांनी पिशवीतून तो कागद काढला, त्याची कोरी मागची बाजू वर केली आणि पेन नातीपुढे ठेवले.

“वाड्याचा नकाशा काढ,” ते म्हणाले. “चौक, माडी, मागचा आड. आडाची खोली मला आठवत नाही. दिवाळीला येशील तेव्हा दोर सोडून मोजू.”