माशाचा पर आणि मामूंची बोटं

आमच्या प्रयोगशाळेत झेब्राफिश आहेत. बोटाएवढा, निळ्या पट्ट्यांचा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आता तो जगभर काचेच्या टाक्यांत असतो आणि आपण त्याला इंग्रजी नावानेच ओळखतो.

त्याला भूल देऊन मी शेपटीचा अर्धा पर कापते. दिवसभरात जखमेवर कातडी येते. दोन-तीन दिवसांत तिच्याखाली पेशींचा एक गोळा जमतो आणि दोन-तीन आठवड्यांत पर पुन्हा तयार! त्या गोळ्यात कोणतं जनुक जागं होतं, हे शोधणं माझं काम.

गोळ्यातला आरएनए काढायचा, त्यावरून डीएनए बनवायचा, हवं ते जनुक पीसीआरने वाढवून प्लास्मिडमध्ये चिकटवायचं आणि ते जिवाणूंत सोडायचं. रात्रभरात प्लेटवर ठिपके उगवतात. निळे म्हणजे बहुधा रिकामे, पांढऱ्यांत बहुधा आपला तुकडा. रमजानात सहरीला उठले की आधी प्लेटच आठवते. पुढे त्याच प्लास्मिडवरून प्रोब बनवून परावर सोडला, की जनुक चालू असेल तिथे जांभळा रंग चढतो. एमएसएक्सबी नावाचं जनुक गोळ्याच्या अगदी टोकाला दिसतं.

माझ्या मामूंची दोन बोटं ट्रॉलरच्या विंचमध्ये गेली. गेल्या ईदला त्यांनी विचारलं, "हे माणसाला कधी जमेल, बेटा?" सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी सांगितलं, की लहान मुलाच्या बोटाचं टोक तुटलं आणि नखाचं मूळ शाबूत असलं, तर ते भरून येतं, त्याखाली नाही. 2016 साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आपली बोटं घडवणारी हॉक्स-13 जनुकं माशात बिघडवली तर पराच्या काड्या खुंटतात. म्हणजे नातं आहे. पण "तुमच्या हयातीत नाही, मामू," हेही सांगितलं. अम्मीला ते आवडलं नाही. मामू म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. डॉक्टर नुसतं बघू म्हणायचा."

सध्या बारा पांढरे ठिपके सिक्वेन्सिंगला गेलेत. काहींत तुकडा उलटा बसला असणार. कोणत्या, ते कळलं की प्रोब कोणत्या बाजूने बनवायचा ते ठरेल.