किंगपिन आणि गनमेटलचा बुश

रविवार, रात्र. पद्मिनीचं पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं, तर खटखट. किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनचा, बुश गेलेला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची ही गाडी. तिचे सुटे भाग आता शोधत फिरावं लागतं. पण उद्यमबागेत लेथवर गनमेटलचा बुश हवा तसा करून मिळतो, बेळगावात राहण्याचं हे मोठं सुख. कारागिरानं आधी एकच विचारलं, "ग्रीसचं भोक कुठं येणार?" किती नेमका प्रश्न! ते निपलसमोर आलं नाही तर पिन कोरडीच राहते आणि पुन्हा झिजते. घरी बुश व्हाइसमध्ये दाबून बसवला, रीमर हातानंच फिरवला. पिन अंगठ्याच्या दाबानं आत सरकली तेव्हा जीव सुखावला. स्प्रिंग मात्र दाबून बांधल्याशिवाय खालचा आर्म सोडायचा नाही. ती उसळली तर हातच जायचा. उद्या दुसरी बाजू.