आगगाडीच्या चढावर सायकल

रेल ट्रेल म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ व स्लीपर उचलून त्याच्याच भरावावर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी केलेली वाट. मेरीलँडमधील कंबरलंडपासून पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गपर्यंत जाणारी सुमारे २४० किलोमीटरची ‘ग्रेट ॲलेगनी पॅसेज’ ही अशीच वाट असून तिचा डोंगरी टप्पा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या १९१२ साली सुरू झालेल्या मार्गावरून जातो. तंबू, अंथरूण आणि शिधा पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना अडकवायच्या पिशव्यांत, भरून कंबरलंडहून निघणाऱ्याचा पहिला दिवस कसा जाणार, हे त्या काळच्या इंजिनिअरांनीच ठरवून ठेवले आहे.

पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड मुळातच कमी असल्याने वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून डोंगर पोखरून आणि दऱ्यांवर पूल बांधून हा चढ शंभर मीटरला जेमतेम पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर ठेवण्यात आला. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो आणि नवखा नेमका त्यालाच फसतो, कारण साध्या रस्त्यावर चढामागून उतार येऊन पाय विसावतात, तर येथे सुमारे ३८ किलोमीटर चढ सुटतच नाही आणि पॅडल थांबवले की ओझ्याची सायकल चार पावलांत उभी राहते. वाटेवर चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली असते. उन्हात तिची पांढुरकी भुकटी साखळीच्या तेलाला चिकटून दुपारपर्यंत साखळी करकरू लागते आणि पावसात तिचाच राखाडी लगदा ब्रेकमध्ये जाऊन बसतो.

फ्रॉस्टबर्ग मागे पडल्यावर मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे मेरीलँड व पेनसिल्व्हेनिया यांची अठराव्या शतकात आखलेली सीमा, ओलांडली की बिग सॅव्हेज बोगदा लागतो. सुमारे एक किलोमीटर लांबीच्या या बोगद्यात भर उन्हाळ्यातही घामेजलेला सदरा पाठीला गार चिकटतो. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याने आतील अस्तराची हानी होऊ नये म्हणून त्याची दारे लावून घेतात. बोगद्यापलीकडे ७२९ मीटर उंचीवर पूर्व जलविभाजक येतो. त्याच्या एका अंगाचे पाणी अटलांटिकला, तर दुसऱ्या अंगाचे मेक्सिकोच्या आखाताला मिळते. तेथून पुढे उतार लागतो आणि मायर्सडेलनंतरच्या सुमारे ५८० मीटर लांबीच्या सॉल्सबरी पुलावरून खाली कॅसलमन नदी, महामार्ग आणि चालू लोहमार्ग असे तिन्ही एकदम दिसतात.

सुमारे ७० किलोमीटरवरच्या रॉकवुडला मुक्काम करायचा तर तंबू उजेडातच ठोकावा, आणि या भागात काळ्या अस्वलांचा वावर असल्याने शिधा तंबूत न ठेवता दूर झाडाला टांगावा. नदीच्या दुसऱ्या काठाने जाणारा लोहमार्ग मात्र आजही चालू आहे. हे दोन मार्ग चालवणाऱ्या, पूर्वी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकाच व्यवस्थापनाखाली आल्यावर दोन समांतर मार्गांची गरज उरली नाही, म्हणून अलीकडचा मार्ग १९७५ मध्ये बंद झाला आणि सायकलस्वारांच्या वाट्याला आला. पलीकडच्या मार्गावरून मालगाड्या अपरात्रीही शिट्या देत जातात. जाणती मंडळी त्यामुळे रॉकवुडला कानांत कापसाचे बोळे घालूनच आडवी होतात.