एकशे वीस पानांचा डाव

पत्ते तुम्ही सगळेच खेळत असाल. पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू आणि मे महिन्याच्या दुपारी आई ओरडली तरी न संपणारा नॉट-ॲट-होम! पण पत्ते जर गोल असतील तर? ते पिसायचे कसे? आणि एकेकाच्या वाट्याला चाळीस-चाळीस आले तर हातात धरायचे कसे?

हसू नका. असे पत्ते खरेच आहेत, आणि गेल्या मे महिन्यात मी ते खेळून आलोय. सपाटून हरलो, ते पुढे सांगतोच.

झाले असे की, सावंतवाडीला माझा एक जुना मित्र राहतो. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचे पत्र नाही, फोन नाही असे कधी झाले नाही. पण त्याच्या घरी जाऊन मात्र कितीतरी वर्षे लोटली होती. या सुट्टीत ठरवलेच. सातवीतून आठवीत गेलेली माझी भाचीही 'मामा, मी येणारच' म्हणून तयार झाली.

कॉलेजच्या दिवसांत त्याच्याकडे जायचो ते एसटीने. घाटातली वळणे आणि पोटातली खळबळ! कोकण रेल्वे अखेरपर्यंत धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ला. आम्ही मुद्दाम दिवसाची मांडवी एक्सप्रेस धरली. भाचीने बोगदे मोजायला वही काढली होती, पण या मार्गावर ते नव्वदहून जास्त आहेत. चाळिशीच्या आसपास तिला झोप लागली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा तिला उठवले. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल येतो. उंची ६४ मीटर. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी चालली आहे अशी कल्पना करा. भाचीने खिडकीतून खाली पाहिले आणि गपकन माझा हात धरला. (मीही तिचा धरला होता, पण ते तिला सांगू नका.)

'सावंतवाडी रोड' स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षाने मित्राच्या घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. पडवीत मित्राची आई बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आमच्या पावलांच्या आवाजाकडे तिने मान वळवली.

"इलंस काय रे? आणि ह्या चेडू कोणाचा?"

मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. भाची आधी गोंधळली, मग खुदकन हसली. आजींना आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते. पण फणसाचे गरे खाताना भाचीने किती आठळ्या ताटलीत टाकल्या, ते त्यांनी आवाजावरून बरोबर सांगितले!

दुसऱ्या दिवशी गाव पाहायला निघालो. गावाच्या मध्यावर मोती तलाव, १८७४ साली बांधलेला, आणि त्याच्या समोर राजवाडा. जवळच चितारआळी. लाकडाच्या रंगीत फळांसाठी ही आळी प्रसिद्ध आहे. केळी, आंबे, मिरच्या, वांगी... हातात घेतल्याशिवाय खोटे वाटत नाहीत. भाचीने एक सीताफळ विकत घेतले आणि संध्याकाळी मित्राच्या ताटात वाढले. बिचाऱ्याने खरेच दाबून पाहिले!

पण आम्हाला खिळवून ठेवले ते राजवाड्याने. तिथल्या दरबार हॉलमध्ये काही कलाकार मांडी घालून बसले होते. समोर छोट्या गोल चकत्या आणि हातात अगदी बारीक ब्रश. त्या चकत्या म्हणजेच गंजिफा, आपले गोल पत्ते.

गंजिफा हा फार जुना खेळ. फारसीत 'गंज' म्हणजे खजिना. बाबराने १५२७मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवले, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या खेळात आठ रंग आणि ९६ पाने असत. आपल्याकडे तो आला आणि त्याचे रूपच बदलले. रंग झाले दहा, विष्णूच्या दहा अवतारांचे! मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. बारा दाहे एकशे वीस. ज्या मुलखात रात्र-रात्र दशावतारी नाटके रंगतात, तिथे पत्त्यांतही दशावतार असले तर नवल काय?

१९७०च्या सुमारास ही पाने रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा इथले राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. सत्त्वशीलादेवी स्वतः पाने रंगवीत. २०१८मध्ये त्या गेल्या, पण काम चालू आहे.

घरी येऊन भाचीने हे सगळे आजींना सांगितले. आजी उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या आणि सरकत्या झाकणाची एक लाकडी पेटी घेऊन आल्या. "हां बघ."

पेटीत गंजिफा! आजींच्या माहेराहून लग्नात आलेल्या. रंग जरा काळवंडलेले, पण प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, ती अजून ओळखू येत होती. "आजी, खेळूया ना!" भाची म्हणाली.

"पाना कमी आसत गो. डाव लागणा नाय."

मित्र हळूच म्हणाला, मागे एकदा त्याने नवा संच आणून दिला होता. हाताने रंगवलेला संच म्हणजे महागाचे काम. आजींनी पाने चाचपली, "ही माझी न्हय" म्हणाल्या आणि संच कपाटात गेला तो गेलाच.

मग भाचीने काय करावे? तिने जमिनीवर दहा ढीग लावले. जरा वेळाने म्हणाली, "मामा, अख्खी पाने ११३. सात हवीत." कोणती सात, त्याची यादीही तयार! आणि पेटीच्या तळाशी, चिंधीत गुंडाळलेले, आणखी एक पान निघाले. मत्स्याची पंजी. चार कोपऱ्यांत चार मासे, मध्ये एक, आणि त्या मधल्या माशाच्या पोटातून आरपार भोक.

मी मित्राकडे पाहिले. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

रात्री सगळे झोपल्यावर त्याने मला पडवीत सांगितले. सात वर्षांचा असताना त्याने काडेपेट्यांची गाडी केली होती. गाडीला चाके हवीत. गोल, कडक, सुंदर चाके! पेटीतली चार पाने त्याने उचलली आणि खिळ्याने भोके पाडली. गाडी मस्त पळाली. संध्याकाळी आईने डाव मांडायला पेटी काढली, तेव्हा याला घाम फुटला. एक चाक आधीच कुठेतरी निखळले होते. उरलेली गाडी त्याने मागच्या विहिरीत टाकली. आणखी तीन पाने पुढे कधी हरवली कोण जाणे. पण आई त्या दिवसापासून खेळली नाही.

"पन्नासच्या वर वर्षे झाली," तो म्हणाला. "मला वाटायचे, कोणालाच कळले नाही. आणि ते चाक हिने जपून ठेवलेय!"

"मग बोलली का नाही?"

"तेच तर."

सकाळी आम्ही तिघांनी ठरवले की सात पाने आपणच करायची.

आता कृती सांगतो, पण शेगडीजवळचे काम घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करायचे हं. आम्ही मूठ-मूठ चिंचोके भाजले, वरची तपकिरी साले काढली आणि आतले पांढरे दाणे रात्रभर भिजत घातले. दुसऱ्या दिवशी वाटून, पाणी घालून शिजवले की चिकट खळ तयार होते. मित्राच्या जुन्या सुती धोतराचे तुकडे या खळीने एकावर एक चिकटवले. चार थर. वाळले की पुठ्ठ्यासारखे कडक होतात.

असे आम्हाला वाटले. घाईघाईने उन्हात ठेवलेला पहिला पुठ्ठा वाळला तो पापडासारखा वाकडा होऊन. दुसरा सावलीत, पाटाखाली दाबून ठेवला. तो सरळ राहिला, पण वर खडूच्या पुडीचा आणि खळीचा लेप आम्ही इतका जाड दिला की त्याला भेगा पडल्या. शिवाय रात्री त्याची एक कड झुरळांनी खाल्ली. खळ त्यांना आवडते म्हणे.

भाची रडकुंडीला आली. आम्ही पुन्हा राजवाड्यात गेलो. तिथल्या एका कलाकाराने आमचा भेगाळलेला तुकडा हातात घेतला. हसला नाही, हे विशेष. म्हणाला, लेप पातळ द्या, दोन्ही बाजूंनी द्या, आणि एक वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. मग गुळगुळीत दगडाने घोटा. घोटा म्हणजे घोटाच, हात दुखेपर्यंत.

तिसरा पुठ्ठा जमला. त्यातून जुन्या पानाच्या मापाच्या सात चकत्या कापल्या. आकड्यांची सहा पाने भाचीने रंगवली. वामनाचा प्रधान मित्राने घेतला. बाकीचे नऊ प्रधान समोर ठेवून त्याने दोन दिवस तो एवढासा चेहरा काढला. चित्रकलेत तो कधी पास झाला नव्हता, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. पण त्या दोन दिवसांत तो जेवायलाही वेळेवर उठला नाही. माझे काम पाठी रंगवण्याचे. खरी पाने लाखेने चमकवतात, आम्ही हार्डवेअरच्या दुकानातले व्हार्निश लावले.

नवव्या दिवशी दुपारी चादर पसरली. गोल पाने पिसता येत नाहीत, ती पालथी टाकून हातांनी कालवायची. तीन गडी, प्रत्येकी चाळीस पाने. मी, मित्र आणि आजी. भाची झाली आजींचे डोळे. तिने आजींची चाळीस पाने रंगवार लावून कानात सांगितली, एकदा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा सांगायला लागली तर आजी म्हणाल्या, "पुरे गो. कळली."

या खेळात हुकूम बोलायचा नसतो. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत चक्क एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत हलकी! कोणते पान पडून गेले आणि कोणते शिल्लक आहे, हे डोक्यात ठेवले तरच निभाव लागतो. आजींसाठी आम्ही प्रत्येक पान मोठ्याने बोलून टाकत होतो. माझ्या हातातून पाने सारखी निसटत होती. आजींच्या हातात पानेच नव्हती, ती भाचीच्या ओंजळीत होती. आणि हातामागून हात त्याच नेत होत्या.

निम्मा डाव झाल्यावर मी टाकले, "वराहाची नव्वी!"

"नव्वी मघाशीच गेली," आजी म्हणाल्या. "ही खंयची दुसरी?"

सगळे थांबलो. पडलेली पाने उलटून पाहिली. खरेच, वराहाची एक नव्वी आधी पडली होती. जुनी. माझ्या हातातली नवी. भाचीने बोटाने मोजले, एक, दोन, तीन... आणि तिचा चेहरा पडला. तिने अठ्ठीऐवजी नव्वी रंगवली होती! घरातल्या सहा डोळ्यांना चार दिवस दिसले नाही, ते आजींना न बघता कळले.

"मी आत्ता एक खूण खोडते," भाची म्हणाली.

"रवांदे," आजी म्हणाल्या. "आता आमका म्हायत आसा मां? ह्या डावात ती अठ्ठीच."

आजी जिंकल्या हे सांगायला नको. मी किती हात केले ते विचारू नका.

पाने गोळा करताना भाचीच्या हाताला ती चिंधी लागली. "आजी, या भोकवाल्या पानाचे काय करू?"

"पेटयेतच ठेव. गाडयेचा चाक आसा तां." मग मित्र बसला होता त्या दिशेला वळून म्हणाल्या, "आणि बाकीची तीन खंय गेली रे?"

मित्र बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "विहिरीत, आये."

"व्हय? मी माडाच्या मुळात सोधलंय." आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मित्र पाणी आणायला उठला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळाने परत आला.

तोवर बाहेर काळोख झाला होता. भाचीने दिवा लावला आणि पाने पुन्हा पालथी टाकून कालवायला घेतली.

"रात झाली मां?" आजींनी विचारले. "मग आता कृष्ण. बघ, कोणाकडे इलो तो."