वाकडे नेमके काय होते?

आमच्या घरातल्या गोधड्यांना मधोमध चित्र कधीच नव्हते. आईची गोधडी म्हणजे जुनी लुगडी, फाटक्या साड्यांचे थर आणि कडेपासून आत आत येत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन. (आई आमच्यापैकी एकाची जन्मदात्री, दुसरीची सासू, हाक मात्र दोघांची एकच.) २०२३ च्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या भाचीने टपालाने एक कापड धाडले. तिकडे गोधड्या शिवणाऱ्यांसाठी अशी कापडे मुद्दाम छापून विकतात. त्यांना पॅनेल म्हणतात. एकाच तुकड्यावर सबंध चित्र आणि त्याभोवती छापील चौकट. या पॅनेलवर पतंग उडवणारा हत्ती होता. तिचे दिवस डिसेंबरात भरणार होते, आणि बाळाला पांघरूण आजीच्याच हातचे हवे होते.

कापड दिवाणावर अंथरले, तशी आई लगेच म्हणाली, "हे वाकडं आहे."

आम्हाला ते तसे दिसले नाही. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. वाकडी वाक्ये दुरून ओळखतो, कापडाचे ज्ञान बेताचे. परंतु आईने टेप आणायला लावली आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून घेतले. चौकट ३६ इंच रुंद आणि ४२ इंच उंच. काटकोन चोख असते तर दोन्ही कर्ण सारखे, सव्वापंचावन्न इंचांच्या आसपास भरले असते. प्रत्यक्षात एक ५४ इंचांच्या जरा पुढे आणि दुसरा साडेछप्पन्न. फरक सव्वादोन इंचांचा. डावी-उजवी बाजू उभ्या सरळ होत्या. वरची आणि खालची रेघ मात्र उजवीकडे दीड इंच उतरलेली. आयत म्हणून धाडलेली आकृती वास्तविक समांतरभुज चौकोन होती.

आमचा पहिला विचार कात्रीचा होता: चौकटीच्या रेघेवरून कापावे आणि कडेला पट्टी जोडून मोकळे व्हावे. आईने हात धरला. "आधी बघा, छाप वाकडा आहे की कापड."

हा भेद आम्हाला तोवर ठाऊकच नव्हता. कापडात उभे धागे असतात आणि आडवे असतात, आणि विणताना ते एकमेकांशी काटकोन धरून असतात. पुढे गिरणीत धुलाई, छपाई, खळ, सुकवण अशा फेऱ्यांत कापडाचे दोन्ही काठ चिमट्यांत धरून ते ताणत नेतात. एक काठ दुसऱ्याच्या किंचित पुढे गेला की आडवे धागे तिरके होतात, आणि खळीमुळे तसेच बसून राहतात. हे छपाईनंतर घडले असेल तर चित्रही धाग्यांबरोबर तिरके झालेले असते. धागे मूळ जागी आणले की चित्र आपोआप सरळ होते. परंतु धागे जागच्या जागी असून छापच तिरका बसला असेल, तर कापड ओढून काही साधत नाही. ओढल्याने चित्र सरळ भासते, पण धागे तिरके होतात, आणि पहिल्या धुण्यात ते आपल्या मूळ जागी परततात. मग गोधडीच पिळवटते. अशा वेळी कापडाला हात लावू नये. भोवतीच्या पट्ट्या एका टोकाला रुंद, एका टोकाला अरुंद कापून बाहेरची कड तेवढी काटकोनात आणावी.

निवाडा करण्याची आईची रीत साधी. चौकटीच्या खाली, मोकळ्या कापडात काठाशी बारीक चीर दिली आणि एक आडवा धागा नखाने उचलून हळूहळू ओढून काढला. तो निघाला तिथे कापडात एक विरळ रेघ उरली. ती रेघ आणि छापील रेघ अगदी समांतर उतरत होत्या. म्हणजे छपाई निर्दोष होती. कापड ओढले गेले होते.

पुढचे काम दोघांचे. एका कोपऱ्यावर पांढरे ओले फडके दाबून रंग सुटत नाही याची खात्री केली, मग कापड कोमट पाण्यात बुडवले, म्हणजे खळ सैल पडते. न पिळता ते टॉवेलमध्ये टिपून घेतले. आणि मग आम्ही आखूड कर्णाची दोन टोके धरून समोरासमोर उभे राहिलो. "झटका देऊ नका, वजन द्या," आई म्हणत होती. टोकापासून सुरुवात करून वीतवीत आत सरकत, दर वेळी नवी पकड घेत ओढायचे. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, परंतु एकाच वस्तूची दोन टोके इतका वेळ, न बोलता आणि सारख्या जोराने धरून ठेवण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. नंतर जाड सतरंजीवर चादर घालून, तिच्यावर सुताराच्या गुण्याने काटकोन आखून, त्यावर पॅनेल टाचण्यांनी बसवले आणि तसेच वाळू दिले. पहिल्या खेपेला फरक पाऊण इंचावर आला. दुसऱ्या खेपेला पाव इंचावर. उरलेले पट्ट्यांत सामावण्याजोगे होते. इस्त्री फिरवताना ती घासली नाही, उचलून उचलून ठेवली.

आम्ही अभिमानाने पॅनेल आईसमोर धरले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "अजून वाकडं आहे. खालची रेघ मधेच खचलीय."

आम्ही पुन्हा मोजले. रेघेला लाकडी पट्टी लावून दाखवली. दोन दिवस हेच चालले. शेवटी आमच्यापैकी एकाचा आवाज चढला, "आई, टेप खोटं बोलते का?" ती काही बोलली नाही. खिडकीकडे पाहत राहिली आणि मग सुनेला विचारले, "अगं, या खिडकीचे गजपण वाकलेत का?"

गज सरळ होते.

तिला एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. उजवा झाकला की गज सरळ, जरा धूसर. डावा झाकला की मधेच वाकलेले. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून तोच तिच्या भरवशाचा, सुईदोऱ्याचा डोळा. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी तिच्यापुढे चौकटींचा कागद धरला: दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरे, मध्ये एक ठिपका. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रवैद्याच्या नावाने तो ओळखला जातो. ठिपक्याकडे पाहताना रेघा कुठे वाकतात, हे रुग्णाने सांगायचे. आईने बोटाने जागा दाखवली. पीतबिंदूखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या येऊन त्या पाझरत होत्या. डोळ्यात इंजेक्शने सुरू झाली. गेलेले सगळे परत येतेच असे नाही, परंतु असलेले राखायचे तर उशीर करून चालत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री आम्हाला आदल्या हिवाळ्यातली गोधडी आठवली. तिच्यातले दोन धावदोरे नागमोडी गेले होते. वयामुळे हात हलत असेल, असे आम्ही ठरवले आणि आई झोपल्यावर ते उसवून सरळ घातले. सकाळी तिने गोधडीवर बोटे फिरवली, एका जागी थांबली आणि घडी करून ठेवून दिली. तिला कळले होते. आम्ही विचारले नाही, तिने सांगितले नाही. ज्या वाकड्या टाक्यांनी आम्हाला काही सांगितले असते, तेच आम्ही उसवून टाकले होते. लाल शाईची आमची सवय घरातही चालते, हे आम्हाला तोवर उमगले नव्हते. पॅनेलच्या वेळी मात्र कात्री लावण्यापूर्वी एक धागा ओढून पाहण्याची बुद्धी झाली, तीही आमची नव्हे.

गोधडी डिसेंबरात पुरी झाली. हत्तीभोवती आईच्या लुगड्याच्या पट्ट्या आम्ही गुण्या लावून कापल्या. दोरे तिनेच घातले, डाव्या डोळ्याने आणि बरेचसे बोटांनी. पतंगाच्या वर तीन ओळी जरा खाली झुकल्या आहेत. टपालात टाकण्यापूर्वी आम्ही त्या पाहिल्या आणि गोधडीची घडी घातली.